लागू नाही

“पण ते नेमकं म्हणतंय काय?” भन्ते उपसेनांनी विचारलं.

“म्हणतंय, लागू नाही.”

“काय लागू नाही?”

“मी आणलेलं सगळं!” सुजात मेश्राम म्हणाला आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्याने टेबलावर जरा जोरातच टाकला.

स्क्रू-ड्रायव्हर घरंगळत टेबलाच्या कडेला आला, तो भन्तेंनी अलगद थांबवला.

सोनबोडीच्या टेकडीवर तो विहार होता. विहाराच्या मागे एक लांबट खोली. गावात तिला सगळे आवाजाची खोली म्हणत. आसपासच्या खेड्यांतल्या गायन पार्ट्यांची गाणी, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, धान लावताना बायका म्हणायच्या ती पदं, असं कितीतरी त्या खोलीतल्या एका सर्व्हरमध्ये साठवलेलं होतं. ज्यांचे आवाज होते त्यांच्या घरच्यांनी एकच अट घातली होती. आवाज टेकडी उतरणार नाहीत. ज्याला ऐकायचं त्याने वर यावं.

म्हणून त्या सर्व्हरला इंटरनेट कधी जोडलंच नव्हतं.

मध्यंतरी त्याची एक डिस्क गेली. एक गेली तर बाकीच्या डिस्का तिचं ओझं सांभाळतात. दुसरी गेली की खेळ संपला. भन्तेंनी नवी डिस्क मागवून बसवली, तर यंत्राने तिला ओळखच दिली नाही. दुसरीही दगा देईल या भीतीने त्यांनी सर्व्हर बंदच करून ठेवला. तेव्हापासून रविवारी वर येणारी माणसं नुसतीच बसून परत जायची.

सुजात नागपूरच्या एका मोठ्या कंपनीत होता. असले सर्व्हर त्याच्या हाताखाली शेकड्याने. यंत्र आजारी पडलं की त्यालाच बोलावत, आणि तो पोचण्याआधीच अर्धं बरं होतं असं लोक गमतीने म्हणत. त्याला ती गंमत वाटत नसे, खरंच वाटे.

आईने भुणभुण लावली म्हणून तो आला होता. सकाळी मोटारसायकल पायथ्याशी लावून वर चढला, सर्व्हरकडे एक नजर टाकली आणि हसला.

“भन्तेजी, तासाभराचं काम आहे. यंत्राच्या अंगात एक छोटा प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर म्हणतात त्याला. तो जुना झालाय, म्हणून नवी डिस्क त्याला कळत नाही. नवा प्रोग्रॅम मी घेऊनच आलोय. पण माझी एक अट आहे.”

“बोल.”

“तुमच्याकडे येणाऱ्यांना तुम्ही आधी दान सांगता, मग शील, मग श्वासाकडे बघायला लावता. ते सगळं मी पुस्तकांत वाचलंय. मला थेट शेवटचं सांगा. ज्याच्यापुढे काही उरत नाही ते.”

“बरं,” भन्ते म्हणाले.

इतक्या सहज होकार मिळेल असं सुजातला वाटलं नव्हतं. त्याने बाह्या सरसावल्या.

तयारी त्याची चोख होती. इंटरनेट नाही हे ठाऊक असल्याने नागपूरलाच त्याने एक भांडार रचलं होतं. यंत्राच्या कोणत्या भागाला काय द्यायचं याची सूची, आणि सूचीप्रमाणे सगळ्या फाइली, एका फोल्डरात. लॅपटॉपवर ते भांडार मोकळं करायचं, लॅपटॉप आणि सर्व्हर एकाच स्विचला, म्हणजे यंत्रांची एकमेकांशी गाठ घालणाऱ्या छोट्या डबीला, वायरने जोडायचे, आणि सर्व्हर पुरता जागा होण्याआधी त्याच्या देखभालीच्या पडद्यावर भांडाराचा पत्ता टाकायचा. मग तो आपला आपण भांडारात येतो, सूची वाचतो, हवं ते उचलतो.

पहिल्याच फटक्याला पडद्यावर आलं, भांडार सापडत नाही.

सुजातने वायर बघितली. ठीक. स्विचचा दिवा बघितला. लुकलुकत होता. मग त्याने सर्व्हरचा स्वतःचा पत्ता बघितला आणि चुटकी वाजवली. पूर्वी कुणीतरी त्याला भलत्याच मालिकेतला पत्ता देऊन ठेवला होता. दोघं एकाच ओसरीवर बसलेले, पण एकाच्या लेखी दुसरा परगावी! सुजातने पत्ता बदलला. भांडार सापडलं.

“बघा!” तो म्हणाला.

“छान,” भन्ते म्हणाले.

दुसरी अडचण आली. भांडार दिसलं, पण सर्व्हर म्हणाला, या फाइलींवर माझा विश्वास नाही. सुजातने डोकं खाजवलं, मग सर्व्हरची तारीख काढून बघितली. आतल्या घड्याळाचा सेल संपला होता आणि यंत्र कितीतरी वर्षं मागे राहत होतं. त्याच्या हिशेबाने या फाइलींवर सही करणाऱ्यांनी अजून सही केलीच नव्हती. सुजातने सेल बदलला, तारीख बरोबर केली. विश्वास बसला.

“बघा!”

“छान,” भन्ते पुन्हा म्हणाले. त्यांना खरंच मजा वाटत होती.

आणि मग सर्व्हरने सूची उघडली, वरपासून खालपर्यंत वाचली, आणि प्रत्येक ओळीपुढे लिहिलं, लागू नाही.

सुजातने पुन्हा चालवलं. लागू नाही. फाइली नव्याने उतरवल्या. लागू नाही. पासवर्ड बदलला, वायर बदलली, लॅपटॉपच्या सुरक्षेची सगळी कुलपं उघडी टाकली, स्विच बंद करून चालू केला. सदऱ्यावर घामाचे नकाशे उमटले.

लागू नाही.

एवढ्यात गावातल्या वयस्क देवकाबाई डबा घेऊन आल्या. त्या दिवशीचं भोजनदान त्यांच्या घरचं होतं. भन्ते दुपारच्या आत एकदाच जेवत, म्हणून त्या टेकडी भरभर चढून आल्या होत्या आणि दारात दम खात उभ्या राहिल्या.

“जय भीम, भन्तेजी. झालं का जी? आज गानं लागन ना?”

“डॉक्टर आलेत,” भन्ते म्हणाले. “तपासताहेत.”

“लय घाम येऊन राह्यला डॉक्टरले,” देवकाबाई म्हणाल्या.

सुजात चिडला. “मावशी, डॉक्टरचा दोष नाही. यंत्रच गेलंय. सगळं बरोबर आहे माझं, एकूण एक गोष्ट तपासली. भन्तेजी, हे भंगारात घाला आणि नवं घ्या.”

देवकाबाईंनी डबा खाली ठेवला.

“माह्या भावाले भंगारात टाकतं का, बाबू?”

सुजातला हे माहीत नव्हतं. देवकाबाईंचा भाऊ मनिराम हा त्या भागातला नावाजलेला गायक. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा आवाज आता त्या पेटीतच होता, आणि दर रविवारी त्या त्याला भेटायला यायच्या.

“सुजात,” भन्ते म्हणाले, “त्याला आत्ता काय येतं?”

“कुणाला?”

“या सर्व्हरला.”

“त्याची काय गरज? मी सगळ्यात नवं आणलंय. अगदी परवाचं. याच्यापुढचं अजून निघालेलंच नाही.”

“तू काय आणलंस ते मी नाही विचारलं.”

सुजातला तो प्रश्न शाळामास्तरी वाटला. आणि भन्ते चीवर घेण्याआधी होतेही शाळामास्तरच, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिलीच्या वर्गावर. त्याने स्क्रू-ड्रायव्हर बॅगेत कोंबला.

“भन्तेजी, माझ्याकडून माझं काम झालं. खोट यंत्रात आहे. आता तुमचं तेवढं राहिलं.”

“काय?”

“शेवटचं. तुम्ही बरं म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो खरा.”

भन्तेंनी चीवर सारखं केलं. तिथेच, केबलींच्या गुंत्यात, मांडी घालून ताठ बसले. डोळे मिटले. मग पालीमध्ये, शब्दाला शब्दाचा धक्का लागू न देता, ते काही ओळी बोलले. आवाज मोठा नव्हता, पण खोलीतलं काहीतरी थांबल्यासारखं झालं. देवकाबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

शेवटचा शब्द संपला...

बाहेर एक पाखरू बोललं आणि तेही गप्प झालं.

“झालं,” भन्ते म्हणाले.

“काय झालं?”

“शेवटचं. सगळं सांगितलं. हातचं काही राखलं नाही.”

सुजातने इकडेतिकडे पाहिलं. “पण मला पाली येत नाही.”

“हं.”

“म्हणजे मला काहीच कळलं नाही.”

भन्तेंनी भुवया उंचावल्या.

“लागू नाही?”

देवकाबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाशी नेला तरी खांदे हलायचे ते हललेच. सुजातचे कान तापले. त्याला वाटलं, उठावं, बॅग उचलावी आणि सरळ टेकडी उतरून जावं. पण भन्ते हसत नव्हते. वर्गातल्या नव्या पोराच्या पाटीकडे बघावं तसे ते त्याच्याकडे बघत होते, मन लावून, घाई न करता.

“मग तुला काय येतं?” त्यांनी विचारलं.

सुजातची नजर पडद्याकडे गेली. हाच प्रश्न भन्तेंनी मघाशी सर्व्हरबद्दल विचारला होता.

...

तो खुर्ची ओढून पुन्हा पडद्यासमोर बसला. या वेळी भांडाराकडे गेला नाही. सर्व्हरच्या स्वतःच्या माहितीत गेला, खाली खाली उतरत, आणि तिथे त्याच्या फर्मवेअरचा आकडा त्याला दिसला.

इतका जुना आकडा त्याने चालत्या यंत्रावर कधी पाहिलाच नव्हता. कारखान्यातून निघताना जे अंगात भरून दिलं होतं त्यावरच ते यंत्र इतकी वर्षं चाललं होतं. कुणी त्याला पुढचं काही दिलंच नव्हतं. दिलं नव्हतं तरी त्याने शेकडो माणसांचे आवाज सांभाळले होते.

आणि सुजातला घाम फुटला, कारण गोष्ट साधी होती. हे तो स्वतः कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांना शिकवत असे. फार जुन्या यंत्राला एकदम शेवटचं देता येत नाही. आधी मधलं एक, मग त्याच्या पुढचं, मग शेवटचं. मधलं अंगात मुरल्याशिवाय शेवटचं त्याला वाचताच येत नाही. त्याच्या कंपनीतले सगळे सर्व्हर एका वयाचे आणि नवे, म्हणून हे नियमात असूनही त्याच्या हातातून सुटलं होतं.

“भन्तेजी...”

“बोल.”

“मधल्या आवृत्त्या लागतील.”

“मग दे.”

“माझ्याकडे नाहीत. भांडार रचताना मीच पुसून टाकल्या.”

“का?”

“जुन्या होत्या.”

“जुन्या होत्या म्हने!” देवकाबाई म्हणाल्या आणि भन्तेंकडे बघून पुन्हा हसल्या. ऐंशीला टेकलेले भन्तेही आता मोकळेपणी हसले. मग सुजातलाही हसू आलं. कसं आलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

टेकडीवर मोबाइलला रेंज नव्हती. सुजात लॅपटॉप छातीशी धरून पायऱ्या उतरला, शेतांच्या बांधाबांधाने चालत कालव्याच्या पुलापर्यंत गेला. तिथे फोनवर रेंजच्या दोन काड्या आल्या. पुलाच्या कठड्यावर बसून, मांडीवर लॅपटॉप आणि डोक्यावर रुमाल घेऊन त्याने मधल्या आवृत्त्या उतरवायला सुरुवात केली. ऊन मी म्हणत होतं. फोन तव्यासारखा तापला, तेव्हा डोक्यावरचा रुमाल कालव्यात भिजवून, पिळून त्याने फोनखाली घातला आणि स्वतः उघड्या डोक्याने बसून राहिला.

फाइल मुंगीच्या पावलाने येत होती. एरवी त्याने चारदा शिव्या घातल्या असत्या. आज तो तिच्याकडे नुसता बघत बसला. मधेच त्याच्या मनात आलं, की वाचलेल्या त्या सगळ्या पुस्तकांची शेवटची प्रकरणं त्याला आठवतात, आणि पहिलं एकही नाही...

तो वर परतला तेव्हा त्याच्या वाटचं जेवण ताटाखाली झाकून ठेवलेलं होतं.

“आधी जेव,” भन्ते म्हणाले.

“आधी त्याला,” सुजात म्हणाला.

त्याने नव्या फाइली भांडारात ठेवल्या, सूची पुन्हा बांधली आणि सर्व्हरला पत्ता दिला. सर्व्हर आला, सूची वाचत खाली गेला. लागू नाही. लागू नाही. आणि मग एका ओळीपुढे वेगळंच काही आलं.

लागू आहे.

सुजातने ते मोठ्याने वाचलं. मग भन्तेंना दाखवायला पडदा वळवला आणि पुन्हा वाचलं.

सर्व्हरने ती फाइल उचलली. आतले पंखे एकदम धानाच्या गिरणीसारखे घुमायला लागले. देवकाबाई दारापर्यंत मागे सरकल्या. मग सगळं शांत. पडदा काळा.

“मेलं का रे?” त्यांनी विचारलं.

“नाही मावशी. उठतंय.”

उठलं. आकडा एक घर पुढे सरकला होता. मग त्याच्या पुढची आवृत्ती. पुन्हा गिरणी, पुन्हा काळोख. या खेपेला पडदा काळा झाला तो काळाच राहिला. सुजातला ठाऊक होतं, की या वेळी वीज गेली किंवा काही अडलं तर यंत्र कायमचं आडवं पडतं. त्याने वर दिव्याकडे पाहिलं. खाली पडद्याकडे पाहिलं. मनिरामचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता, पण आत्ता तो हरवला तर आपण कोणत्या तोंडाने ही टेकडी उतरणार, एवढंच त्याच्या मनात होतं.

“श्वास घे,” शेजारून भन्ते म्हणाले.

“काय?”

“श्वास. मघाचा कोंडून धरलायस.”

सुजातने श्वास घेतला. अख्खा. सोडला. आणखी एक घेतला...

पडदा उजळला.

त्यानंतर शेवटची आवृत्ती, जी सकाळपासून दारात ताटकळत उभी होती, ती सर्व्हरने अशी उचलली, जणू कधी नको म्हटलंच नव्हतं. नव्या डिस्कवरचा दिवा आधी पिवळा लुकलुकला, मग हिरवा झाला. जुन्या डिस्कांनी आपल्याकडचं ओझं तिच्याकडे थोडंथोडं सारायला सुरुवात केली.

सुजात जेवायला बसला तेव्हा भाजी पार थंडगार झाली होती. त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं.

दिवस कलायला लागला तसा खाली निरोप पोचला आणि माणसं वर आली. खोलीत मावेनात, म्हणून स्पीकर विहाराच्या अंगणात मांडला. देवकाबाई सगळ्यांत पुढे बसल्या. नऊवारीचा काठ सारखा करून, पाहुण्याच्या स्वागताला बसावं तशा.

सुजातने मनिरामचं ध्वनिमुद्रण लावलं.

आधी नुसती खरखर. मग ढोलकी ठोकून बघण्याचा आवाज. कुणाचं तरी खोकणं. आणि मग एक खणखणीत, हुकमी आवाज अंगणभर झाला.

“देवका! पानी आन वो!”

“आनतो रे, आनतो!” देवकाबाई म्हणाल्या, आणि खरोखरच हाताचा रेटा देऊन अर्ध्या उठल्या.

अंगण हसून फुटलं. देवकाबाईही हसत हसत खाली बसल्या, डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, “जिता होता तवाबी असाच. गान्याच्या आधी पानी पायजेच त्याले.”

मग मनिराम गायला. सुजात अंगणाच्या कडेला उभा होता. गाणं त्याला पूर्ण कळलं असं नाही. अर्धे शब्द तिथल्या झाडीबोलीतले. पण दुसऱ्या कडव्याला बाकीच्यांबरोबर त्याचीही मान डोलायला लागली, आणि तिसऱ्याला त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला एका शब्दाचा अर्थ विचारला. म्हाताऱ्याने सांगितला. मग त्याने दुसरा विचारला.

माणसं पांगली. संध्याकाळचा उजेड पायऱ्यांवर आडवा पडला होता. सुजातने अंगणातच बसून विहाराच्या छोट्या संगणकावर भांडाराची एक प्रत करून दिली. पुन्हा कधी लागली तर असावी म्हणून. भन्ते येऊन त्याच्याजवळ कठड्याला टेकून उभे राहिले.

शेवटचं सांगा असं सुजात आता म्हणाला नाही. भन्तेंनीही विषय काढला नाही.

“एवढं आवरतो आणि निघतो,” सुजात म्हणाला. “भांडारात शेवटची आवृत्ती तेवढी ठेवतो. मधल्या पुसून टाकतो. उगाच जागा अडवतात. यंत्र तर आता वर पोचलं.”

त्याने फाइली निवडल्या. बोट पुसायच्या कळीवर नेलं.

भन्तेंनी आपला सुरकुतलेला तळवा हलकेच त्याच्या हातावर ठेवला. ते बघत होते ते मात्र खाली, पायऱ्यांकडे.

सुजातनेही तिकडे पाहिलं. पायऱ्या पार पायथ्यापर्यंत रिकाम्या होत्या.

“थांब जरा, मधल्या राहू दे,” भन्ते म्हणाले. “खालून कुणीतरी चढतंय.”